दोन बाकांमधले अंतर

भिलाईचे नेहरू नगर ही काही राजधानी नव्हे, की जिल्ह्याचे मुख्य ठाणेही नव्हे. पोलाद कारखान्याभोवती वाढत गेलेल्या शहरातली ती एक वसाहत आहे. १९५५ च्या फेब्रुवारीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले, आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे या बाजूला येऊ लागली. त्यांत विदर्भाकडची मराठी कुटुंबेही होती. नोकरी, शाळा, दवाखाना आणि बाजार यांत गुंतलेल्या अशा वसाहतीतील माणसाला विधिमंडळ ही दूरची गोष्ट वाटावी, यात नवल नाही. तेथे कोणी तरी भांडते, कोणी तरी सभात्याग करते आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून येते, एवढाच त्याचा विधिमंडळाशी परिचय.

परंतु या भूमीचा इतिहास पाहिला तर एक मौजेची गोष्ट आढळते. येथील घरे जागची हलली नाहीत. पण त्यांच्यासाठी कायदे करणारी सभागृहे मात्र दोन वेळा बदलली. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचे कायदे नागपुरास होत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते भोपाळास होऊ लागले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य निर्माण झाले आणि ते काम रायपूरकडे आले. राजधानी बदलली, राज्याचे नाव बदलले, राज्यकारभाराची भाषाही काही प्रमाणात बदलली. एक गोष्ट मात्र तिन्ही ठिकाणी सारखीच राहिली. सभागृहाला दोन बाजू होत्या, आणि एका बाजूस बसलेल्या माणसाला दुसऱ्या बाजूच्या माणसाशी बोलल्यावाचून गत्यंतर नव्हते.

हे दोन्ही बाजूंचे आमदार जेव्हा सभागृहाबाहेर, एखाद्या परिसंवादात किंवा अभ्यासवर्गात, एकाच व्यासपीठावर येऊन धोरणाविषयी बोलतात, तेव्हा लोकांना ते नुसते सौजन्य वाटते. काहींना तर तो देखावा वाटतो. सकाळी सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारी माणसे सायंकाळी शेजारी शेजारी बसून चहा घेतात, मग सकाळचे भांडण खरे की सायंकाळचा चहा खरा, असा प्रश्न सामान्य माणूस विचारतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर अशा बोलण्याचा पुढे काय उपयोग होतो, ते पाहिले पाहिजे.

आरंभ दुर्गपासूनच करता येतो. घनश्यामसिंह गुप्त हे दुर्गचे. १९२३ नंतर स्वराज्य पक्षाच्या वतीने ते मध्य प्रांताच्या कायदे कौन्सिलात गेले. त्या पक्षाचे धोरण सरकारात न जाता आतून विरोध करण्याचे होते, आणि मध्य प्रांतात त्याने मंत्रिपदे नाकारून द्विदल राज्यपद्धतीचे चाक अडवून धरले. विरोधी बाकावर बसण्याची अशी सवय झालेला हा गृहस्थ १९३७ साली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेचा अध्यक्ष झाला आणि १९५२ पर्यंत ते स्थान त्याच्याकडे होते. डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ गेले, पंडित रविशंकर शुक्ल यांचे आले, युद्धकाळात प्रांतिक राज्यकारभार बंद पडला, पुन्हा सुरू झाला, स्वातंत्र्य आले, पण अध्यक्ष तेच होते.

त्या सभागृहात वऱ्हाड-नागपूरकडचे मराठी सदस्य होते आणि महाकोशल-छत्तीसगडकडचे हिंदी सदस्य होते. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभेचे कामकाज इंग्रजीत चालावे असे ठरविले होते. इंग्रजी न येणाऱ्या किंवा पुरेसे न येणाऱ्या सदस्यापुरती सवलत ठेवली होती. घनश्यामसिंहांनी त्या सवलतीचा अर्थ उदारपणे लावला आणि हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना सभागृहात वाट करून दिली. पुढे भारतीय संविधानाचा हिंदी अनुवाद करणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत ऐकून घेतल्याखेरीज त्याला उत्तर देता येत नाही, ही विधिमंडळाची पहिली अट आहे. ती अट या दुर्गच्या माणसाने नागपुरात बसून पाळली.

त्याच दुर्गचे दुसरे नाव विश्वनाथ यादव तामस्कर यांचे. नाव उघडच मराठी, कार्यक्षेत्र छत्तीसगड. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची पहिली विधानसभा भोपाळास भरली, तेव्हा तामस्कर विरोधी पक्षनेते होते. पुढे १९६७ साली ते दुर्गमधून लोकसभेवरही निवडून गेले. दुर्गच्या शासकीय महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे, आणि नेहरू नगरातील कित्येक घरांतील मुले तेथे शिकून बाहेर पडली आहेत. एका गावाने एक अध्यक्ष दिला आणि एक विरोधी पक्षनेताही दिला. सभागृहाला या दोन्ही माणसांची सारखीच गरज असते, हे दुर्गच्या लोकांना ग्रंथातून शिकण्याचे कारण नव्हते.

ज्या नागपुरात घनश्यामसिंह अध्यक्षस्थानी बसत, त्या नागपुरात आता महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने दर वर्षी विधिमंडळाचे एक तरी अधिवेशन नागपुरास भरावे असे ठरले, आणि १९६० पासून तो प्रघात पडला. त्या अधिवेशनाच्या काळात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा एक संसदीय अभ्यासवर्ग भरविते. राज्यातील विद्यापीठांतून राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन शिकणारे पदव्युत्तर विद्यार्थी त्यासाठी येतात. पीठासीन अधिकारी, मंत्री, विरोधी पक्षांचे नेते आणि जुने सदस्य त्यांच्यापुढे बोलतात. अर्थसंकल्प कसा मंजूर होतो, तारांकित प्रश्न कसा विचारावा, लक्षवेधी सूचनेने काय साधते, समित्या काय काम करतात, असे विषय असतात.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सभागृहात बोलणारा आमदार हा आपल्या पक्षाचा माणूस असतो. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने संविधानास दहावी अनुसूची जोडली गेली. तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या, किंवा मतदानास गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांच्या आत त्याला क्षमा केली तरच ते वाचते. पक्षांतराच्या रोगावर हा उपाय योजला होता आणि रोग खरा होता. पण औषधाचा एक परिणाम असा झाला की, समोरच्या बाकावरचा मुद्दा पटला तरी हात वर करताना तो पटल्याचे दाखविता येत नाही. मतदानाचा निकाल चर्चेपूर्वीच ठरलेला असतो. मग चर्चेत समोरच्याला पटवून देण्याऐवजी बाहेरच्या लोकांना ऐकविण्याकडेच वक्त्याचा कल होतो.

अभ्यासवर्गात पक्षादेश नसतो. तेथे मतदान नाही, त्यामुळे हरणे नाही आणि जिंकणेही नाही. विद्यार्थी प्रश्न विचारतो तो पक्षाला नव्हे, समोरच्या माणसाला. तेथे मंत्र्याला आपल्या योजनेतील अडचण सांगता येते, आणि विरोधी सदस्याला, आपण त्या जागी असतो तर आपल्यालाही हीच अडचण आली असती, असे म्हणता येते. हा मोकळेपणा मोलाचा आहे. तथापि त्याला एक मर्यादाही आहे. तेथे बोललेल्या शब्दाने एकही कलम बदलत नाही. सभागृहात अधिकार आहे पण मोकळीक थोडी. अभ्यासवर्गात मोकळीक आहे पण अधिकार नाही. ज्या ठिकाणी थोडी मोकळीक आणि थोडा अधिकार एकत्र येतो, ते ठिकाण म्हणजे विधिमंडळाची समिती. परिसंवादातील मोकळे बोलणे समितीच्या टेबलापर्यंत पोचले, तरच त्याचे चीज होते.

हे प्रत्यक्षात कसे घडते, याचे महाराष्ट्रातील एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. ते म्हणजे रोजगार हमीचा कायदा. या योजनेचे जनक म्हणून वि. स. पागे यांचे नाव घेतले जाते. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती होते. त्यांचे गाव सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर. १९६५ च्या सुमारास त्यांनी विसापूर परिसरात एक प्रयोग करून पाहिला. गावात कामाची मागणी किती, गावात करण्याजोगे काम किती, आणि दोहोंची सांगड घालण्यास पैसा किती लागेल, याचा हिशेब त्यांनी मांडला. दान किंवा मदत म्हणून पैसा वाटण्यापेक्षा, जो काम मागेल त्याला काम द्यावे आणि त्या कामातून जमिनीत पाणी व बांध उभे राहावेत, असा तो विचार होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे त्यांनी तो मांडला आणि १ मे १९७२ पासून योजनेस आरंभ झाला.

पागे सभापती होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. सभापतीला वादात उतरता येत नाही. एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असला, तरी खुर्चीवर बसल्यावर त्याला दोन्ही बाजूंकडे सारख्याच नजरेने पाहावे लागते. आपली कल्पना सभागृहात भाषण करून रेटण्याचा मार्ग त्यांना बंद होता. जे काही पटवून द्यायचे ते बैठकींतून, टिपणांतून आणि समोरासमोर बसून. कदाचित त्यामुळेच ती कल्पना कोणा एका पक्षाची म्हणून ओळखली गेली नाही.

योजना सुरू होते न होते तोच १९७२-७३ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायकांची दृश्ये त्या पिढीच्या स्मरणातून गेलेली नाहीत. त्या काळात शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, साम्यवादी आणि लाल निशाण पक्ष यांनी मजुरांचे मोर्चे काढले. मजुरी वेळेवर मिळावी, कामे गावाजवळ निघावीत, आणि मुख्य म्हणजे काम मिळणे ही सरकारची मेहेरबानी न राहता मजुराचा हक्क व्हावा, अशी त्यांची मागणी होती. सरकार पक्षाची अडचण वेगळी होती. हक्क एकदा कायद्यात लिहिला की पैसा नाही म्हणून सांगता येत नाही. तेव्हा पैसा कोठून आणायचा, हे आधी ठरले पाहिजे.

या दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, आणि तोडगा निघाला तो दोन्ही म्हणणी पोटात घेऊनच. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्या मिळकतीतून थोडा थोडा पैसा गोळा करायचा आणि तो रोजगार हमीसाठी राखून ठेवायचा. पुढे, या मार्गाने जेवढा पैसा येईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी, असेही कायद्याने बांधून घेतले. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून कापलेले चार पैसे बीड किंवा सोलापूरच्या बांधावर पोचावेत, अशी ही रचना होती. विरोधकांना हक्क मिळाला; सरकारला त्या हक्कासाठी पैशाची तजवीज मिळाली.

१९७७ च्या रोजगार हमी विधेयकाला दोन्ही सभागृहांनी एकमताने मान्यता दिली. ग्रामीण भागातील जो प्रौढ स्त्री वा पुरुष अंगमेहनतीचे काम करण्यास तयार असेल त्याला पंधरा दिवसांच्या आत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात होते. भत्ता अगदी थोडा होता. दिवसाला किमान एक रुपया. पण त्या एका रुपयाने सरकारच्या माथ्यावर देणे लिहिले गेले. राष्ट्रपतींची संमती मिळून २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अंमलात आला.

आता या तारखांकडे नीट पाहावे. विधेयक आले तेव्हा राज्यात काँग्रेसचे सरकार होते. कायदा अंमलात आला तेव्हा पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार होते, आणि शेतकरी कामगार पक्षाचे प्रा. एन. डी. पाटील व गणपतराव देशमुख हे त्या मंत्रिमंडळात बसलेले होते. काल ज्यांनी विरोधी बाकावरून हक्क मागितला होता, त्यांच्यावरच आज तो हक्क पुरविण्याची पाळी आली. एका सरकारने आणलेला कायदा दुसऱ्या सरकारने आपला मानून राबविला, कारण तो करताना दुसऱ्या बाजूचाही त्यात हात होता. पुढे महाराष्ट्रात अनेक सरकारे आली आणि गेली. हा कायदा मोडीत काढण्याची भाषा कोणी केली नाही. २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून तो देशातील २०० जिल्ह्यांत लागू झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव देशापुढे होता.

यावरून रोजगार हमीत सर्व काही आलबेल होते, असे समजण्याचे कारण नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढविली जात, मजुरी रखडे, आणि कामांतून होणाऱ्या विहिरी-बंधाऱ्यांचा लाभ जमीनवाल्यांना अधिक मिळे, ही टीका वर्षानुवर्षे झाली. ती टीका करण्यास आणि गावोगाव जाऊन हजेरीपट तपासण्यास विधिमंडळाने सर्वपक्षीय सदस्यांची एक स्वतंत्र समितीच नेमली, हे येथे विशेष होय. एकमताने केलेल्या कायद्यावर दोघांनी मिळून पहाराही ठेवला.

एकमत या शब्दाची भुरळ मात्र पडू देता कामा नये. सभागृहात एकमत दोन प्रकारांनी होते. एक प्रकार वर सांगितला. तो वर्षानुवर्षांच्या वादातून, मोर्चातून, हिशेबातून येतो. दुसरा प्रकार असा की, ज्यात दोन्ही बाजूंचा स्वार्थ सारखा आहे तेथे वादच होत नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील आमदारांच्या वेतनवाढीचे विधेयक चर्चेविना संमत झाले, ते या दुसऱ्या प्रकारातले. दोन्ही बाकांमधले अंतर नाहीसे होणे हे काही लोकशाहीचे ध्येय नव्हे. ते अंतर राहिलेच पाहिजे. मात्र त्यावरून पलीकडचा आवाज ऐकू आला पाहिजे.

हा आवाज ऐकू यावा म्हणूनच संसदीय पद्धतीत समित्यांची व्यवस्था आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर हे अहमदाबादेस स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. घनश्यामसिंह नागपुरात अध्यक्ष झाले, त्याच १९३७ साली मावळंकर मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले होते. स्वतंत्र भारतात त्यांच्या काळी, १९५० साली, अंदाज समिती स्थापन झाली. सरकारचा खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यावे, हा प्रघात १९६७ पासून पडला आणि मिनू मसानी हे तसे पहिले अध्यक्ष झाले. १९९३ साली खातेनिहाय स्थायी समित्या आल्या. बंद दाराआड, वृत्तपत्रांच्या नजरेआड, सरकार पक्षाचा सदस्यही तेथे आपल्याच सरकारच्या सचिवाला अडचणीचे प्रश्न विचारतो.

दुःखाची गोष्ट अशी की, हा मार्ग अलीकडे ओस पडू लागला आहे. पंधराव्या लोकसभेच्या काळात, म्हणजे २००९ ते २०१४ या वर्षांत, मांडलेल्या विधेयकांपैकी सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे तपासणीस गेली होती. २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. राज्यांच्या विधिमंडळांपुढे दुसरे संकट आहे. त्यांना बसण्यासच वेळ उरत नाही. नागपूरचे २०२४ चे हिवाळी अधिवेशन १६ डिसेंबरला सुरू झाले आणि २१ डिसेंबरला संपले. एका आठवड्यात पुरवणी मागण्या, विधेयके, प्रश्नोत्तरे आणि विदर्भाची गाऱ्हाणी, एवढे सर्व उरकावे लागते. घाईत माणूस ओरडून बोलतो, हा घराघरातला अनुभव आहे. सभागृहाचेही तसेच होते.

छत्तीसगडच्या विधानसभेने या बाबतीत केलेला एक प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. १४ डिसेंबर २००० रोजी रायपूरच्या राजकुमार कॉलेजातील जशपूर हॉलमध्ये या विधानसभेची पहिली बैठक झाली. राजेंद्रप्रसाद शुक्ल अध्यक्ष होते, अजित जोगी मुख्यमंत्री होते आणि नंदकुमार साय विरोधी पक्षनेते होते. त्या पहिल्याच विधानसभेच्या काळात एक नियम झाला. अध्यक्षांच्या आसनापुढील मोकळ्या जागेत, ज्याला तिकडे गर्भगृह म्हणतात, जो सदस्य उतरेल तो आपोआप निलंबित होईल. त्यासाठी ठराव नको, मतदान नको. आपल्याच वर्तनाला आपणच घातलेला हा बांध इतर राज्यांत आदर्श म्हणून सांगितला जातो.

या नियमाने गोंधळाला आळा बसला, हे खरे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. निषेध करावयाचा असला की विरोधी सदस्य जाणूनबुजून गर्भगृहात उतरतात, आपोआप निलंबित होतात, बाहेर गांधीजींच्या पुतळ्याजवळ बसतात आणि थोड्या वेळाने अध्यक्ष निलंबन मागे घेतात. नियम पाळला जातो, पण ज्या प्रश्नावरून सदस्य उतरले त्या प्रश्नाची चर्चा राहून जाते. नियमाने जागा मोकळी करता येते, बोलणे सुरू करता येत नाही. ते माणसांनीच करावे लागते.

माणसांच्या दृष्टीने पाहिले तर छत्तीसगडची सहावी विधानसभा भाग्यवान म्हटली पाहिजे. २००३ ते २०१८ अशी पंधरा वर्षे मुख्यमंत्री असलेले डॉ. रमणसिंह डिसेंबर २०२३ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. आधीच्या विधानसभेचे अध्यक्ष डॉ. चरणदास महंत हे या विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. काल ज्याने सभागृहाला शिस्त लावली तो आज विरोधी बाकावर, आणि ज्याने पंधरा वर्षे विरोधकांचे प्रश्न झेलले तो आज अध्यक्षाच्या खुर्चीवर. जानेवारी २०२४ च्या २० व २१ तारखांना नव्या सदस्यांसाठी रायपूरला दोन दिवसांचा प्रबोधनवर्ग झाला. तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी त्याचे उद्‌घाटन केले. नव्वद सदस्यांच्या त्या सभागृहात पहिल्यांदाच निवडून आलेले पुष्कळ होते. प्रश्न कसा विचारावा, विधेयक कसे वाचावे, हे त्यांना दोन दिवस ऐकावयास मिळाले. अशा सदस्यांना खरा धडा मात्र नेत्यांच्या जागा कशा उलटसुलट झाल्या, हे समोर पाहूनच मिळावा. बाक कोणाच्याही मालकीचे नसतात.

छत्तीसगडातही असे एक धोरण आहे, ज्यावर या अदलाबदलीचा परिणाम झाला नाही. २००४ साली राज्याने स्वस्त धान्याची दुकाने खाजगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि महिलांचे बचतगट यांच्याकडे सोपविली. २०१२ च्या डिसेंबरात, संसदेच्या कायद्याच्या आधी, राज्याने आपला अन्नसुरक्षा कायदा केला. त्यानंतर २०१८ साली सत्ता बदलली आणि २०२३ साली पुन्हा बदलली. धान्य किती आणि कोणाला, यांत फेरफार झाले. मूळ व्यवस्था टिकून राहिली. ज्या कायद्याचा उपयोग शिधापत्रिकेवर मोजून घेता येतो, तो कायदा मोडण्याचे धैर्य कोणत्याच पक्षाला होत नाही. म्हणजे कायदा टिकण्यास दोन गोष्टी लागतात. तो करताना दोन्ही बाजूंचे बोलणे झालेले असावे, नाही तर तो लोकांच्या इतका अंगवळणी पडलेला असावा की पुढच्यांना ते बोलणे भाग पडावे.

या सगळ्यात नेहरू नगरातील नागरिकाचे काम काय, असा प्रश्न शेवटी येतो. रायपूर तेथून तासाभराच्या वाटेवर आहे, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून नवा रायपूर येथे विधानसभेची नवी वास्तूही उभी आहे. मतदानाच्या दिवशी तो आपला आमदार निवडतो. पुढची पाच वर्षे तो त्याच्याकडे नळ, रस्ता आणि बदली यांसाठी जातो. ती कामे खोटी नव्हेत. परंतु तुम्ही कोणत्या समितीवर आहात, तिच्या किती बैठकींना गेलात, समोरच्या पक्षाने मांडलेली एखादी सुधारणा तुम्हाला पटली होती काय, आणि पटली असल्यास तुम्ही तिचे काय केले, हे प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही. ज्या गोष्टीचा हिशेब मागितला जात नाही, ती हळूहळू होईनाशी होते.

मतदारसंघात आमदाराने केलेल्या कामांचे फलक चौकाचौकांत लागतात. एखाद्या वसाहतीच्या सार्वजनिक गणेशोत्सवात, एखाद्या वाचनालयात, एखाद्या महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र मंडळात वर्षातून एकदा दोन्ही पक्षांच्या आमदारांना एकत्र बोलवावे आणि एकाच विधेयकावर दोघांना बोलावयास सांगावे. प्रत्येकाने आधी दुसऱ्याचा मुद्दा प्रामाणिकपणे मांडावा आणि मग त्याचे खंडन करावे, एवढीच अट घालावी. याला खर्च नाही, परवानगी नको. ज्याला दुसऱ्याचा मुद्दा सांगताच येत नाही त्याने तो ऐकलेला नाही, हे श्रोत्यांच्या तेथल्या तेथे ध्यानात येईल.

विसापूरच्या हिशेबापासून कायद्यापर्यंत सुमारे चौदा वर्षे लागली. तेवढ्या अवधीत मोर्चे झाले, दुष्काळ पडला, सरकार बदलले. त्या काळात जे बोलणे झाले त्यातले बहुतेक कोणाच्याही स्मरणात नाही. स्मरणात राहिला तो कामावर आलेल्या बाईच्या हातात पडलेला आठवड्याचा पगार. दोन्ही बाकांवरच्या माणसांनी परिसंवादात, अभ्यासवर्गात आणि समितीत बसून बोलावयाचे ते अशा पगारासाठीच.